जुन्या पिकअपची रेस आपोआप वाढते, क्रूझ सुटत नाही: दोष कसा शोधायचा

पाय काढल्यावर रेस खाली येत नसेल किंवा ब्रेकला पाय लावूनही क्रूझ कंट्रोल (पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) सुटत नसेल, तर तो पिकअप दोष सापडेपर्यंत रस्त्यावर काढू नका. "जपून चालवतो" हा यावरचा उपाय नाही. जास्तीची रेस पाच-सहा ठिकाणांहूनच येऊ शकते आणि त्यातली बहुतेक ठिकाणं घरच्या घरी, इंजिन बंद ठेवून तपासता येतात. आधी रेस कुठून येते ते ठरवा, पार्ट नंतर घ्या. अंदाजाने सेन्सर बदलत बसलात तर पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

इथली माहिती अमेरिकेत विकल्या गेलेल्या, साधारण १९९५ ते २०१५ या काळातल्या पेट्रोल पिकअपची आहे: फोर्ड एफ-१५०, डॉज रॅम, शेवरोले सिल्व्हराडो, टोयोटा टॅकोमा आणि टुंड्रा. टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांसमोर उभे असलेले जुने पिकअप बहुधा यातलेच. डिझेलबद्दल शेवटाकडे थोडं आहे. भारतात हायलक्स किंवा व्ही-क्रॉस वापरणाऱ्यांनी पायापाशीचा भाग आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा (इंजिनला जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचा) भाग वाचावा.

चालत्या गाडीत रेस अडकली तर

हा क्रम गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

१. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. लागलं तर दोन्ही पाय वापरा. ब्रेक सोडून पुन्हा पुन्हा मारू नका.

२. गिअर न्यूट्रलमध्ये टाका. मॅन्युअल असेल तर क्लच दाबा. इंजिन किंचाळेल, त्याला किंचाळू द्या. या काळातल्या इंजिनांमध्ये आरपीएमची (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) मर्यादा बसवलेली असते, त्यामुळे इंजिन लगेच फुटत नाही.

३. गाडी कडेला घेऊन पूर्ण थांबवा, मग पार्कमध्ये टाका आणि इंजिन बंद करा.

४. न्यूट्रल लागतच नसेल तरच चालत्या गाडीत इंजिन बंद करा. चावी एकच घर मागे घ्या. ती लॉकपर्यंत फिरवलीत तर स्टिअरिंग अडकू शकतं. बटणाची गाडी असेल तर बटण तीन सेकंद दाबून धरा, कारण चालत्या गाडीत नुसत्या टिचकीने बहुतेक गाड्या बंद होत नाहीत. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं, स्टिअरिंग जड होतं, पण वळतं.

ब्रेक पंप का करायचा नाही, ते नीट समजून घ्या. ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) ताकद मिळते ती इंजिनच्या व्हॅक्यूममधून, म्हणजे हवेच्या ओढीतून. थ्रॉटल पूर्ण उघडं असलं की इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम जवळपास उरतच नाही. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच पॅडल नीट दाबलं जातं, पुढच्या वेळी ते लाकडासारखं कडक लागतं. "ब्रेक फेल झाले होते" असं सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी प्रसंगांमागे हेच असतं.

तक्रार नेमकी कुठली

कागद घ्या आणि लिहा: रेस कधी वाढते? उभ्या गाडीत की चालत्या? क्रूझ चालू असताना की बंद असताना? इंजिन गार की गरम? एसी चालू होता का? पाय कुठे होता? यातूनच अर्धं निदान होतं.

काही गोष्टी दोष नसतातच. गार इंजिन सुरू केल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटं १२००च्या आसपास आरपीएम असणं नेहमीचं आहे. एसीचा कॉम्प्रेसर लागताना रेस जराशी हलते. क्रूझवर चढ लागला की गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली येतो आणि इंजिन एकदम गरजतं, पण स्पीडोमीटरचा काटा आहे तिथेच असतो. पिकअप पहिल्यांदाच चालवणारे याला हमखास घाबरतात. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही, तर ते गिअरबॉक्सचं काम. आरपीएमबरोबर वेगही सेट केलेल्या आकड्याच्या वर चढत गेला, तर तो दोष.

उभ्या गाडीत, पार्कमध्ये, इंजिन गरम असताना रेस १५००-२०००वर टिकून राहत असेल तर केबल, थ्रॉटल किंवा हवेची गळती बघा. फक्त क्रूझवर त्रास होत असेल तर सर्व्हो (क्रूझसाठी थ्रॉटल ओढणारं यंत्र), त्याची केबल आणि ब्रेकचे स्विच बघा. पाय पूर्ण दाबल्यावरच पॅडल अडकत असेल तर आधी खाली वाकून मॅट बघा.

पायापाशी

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि लोक हीच विसरतात. ऑगस्ट २००९मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोयोटाच्या एका लेक्सस सेडानच्या अपघातात चार जण गेले. दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट तिच्यात टाकलेली होती आणि अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने मॅटसाठी जो मोठा रिकॉल (दोष दूर करायला गाड्या परत बोलावणं) काढला त्यात २००५ ते २०१० टॅकोमा आणि २००७ ते २०१० टुंड्रा हे दोन्ही पिकअप होते.

मॅट काढा. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हाताने पार तळापर्यंत दाबा आणि सोडा. मॅट परत घालून तेच करा. पॅडल खाली असताना त्याची कड मॅटच्या काठाला कुठेही टेकता कामा नये. मॅट जमिनीतल्या हुकांना अडकलेली हवी आणि एकावर एक दोन मॅट नकोतच. पावसाळी रबरी मॅट टाकायची असेल तर खालची कापडी मॅट आधी काढा. सीटखालून पुढे येणारी पाण्याची बाटली, मालकाने खाली टाकलेला पाना, सुटलेला प्लास्टिकचा पत्रा, हे सगळं याच वेळी दिसतं.

पॅडलचा दांडा आडवा हलवून बघा. बुश झिजलेला असेल तर पॅडल डावीउजवीकडे डुलतं आणि कडेला घासतं. पॅडल हळूहळू सोडताना मध्येच रेंगाळत असेल तर ते वेगळं लक्षण. जानेवारी २०१०मध्ये टोयोटाने सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या त्या याच कारणासाठी, आणि त्यात टुंड्रा होता. पॅडलच्या आत घर्षणासाठी ठेवलेला भाग झिजून आणि दमट होऊन चिकटत होता.

आणि एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. उभ्या गाडीने गिअर टाकताच अचानक झेप घेतली आणि "ब्रेक दाबूनही थांबली नाही", अशा प्रसंगांत पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडलेला असणं हे फार वेळा घडतं. १९८०च्या दशकातल्या ऑडी ५०००च्या गाजलेल्या प्रकरणानंतर अमेरिकी सरकारने १९८९मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष हाच होता. म्हणून चालकाला खोटं पाडायचं कारण नाही. त्या क्षणी त्याला खरोखरच ब्रेक दाबल्यासारखं वाटत असतं. जाड कामाचे बूट, जवळजवळ असलेली पॅडल आणि अनोळखी गाडी, या तिन्हींची गाठ पडली की हे कुणाच्याही हातून होतं. गाडी तपासाच, पण ही शक्यताही कागदावर लिहा.

केबलचे पिकअप

१९९७-२००३ एफ-१५०, २००१पर्यंतचा डॉज रॅम १५०० आणि २००४पर्यंतचा टॅकोमा यांमध्ये पॅडलपासून थ्रॉटलपर्यंत लोखंडी तारेची केबल असते. क्रूझची केबल त्याच थ्रॉटलच्या लिव्हरला वेगळी येऊन जोडलेली असते. म्हणजे लिव्हर ओढणारे हात दोन, आणि परत आणणारी स्प्रिंग.

चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. बॉनेट उघडून थ्रॉटलचा लिव्हर हाताने पूर्ण फिरवा आणि सोडून द्या. तो "टक" आवाज करत थांब्यावर आपटला पाहिजे. हळू आला, शेवटच्या मिलिमीटरला चिकटला किंवा आवाजच झाला नाही, तर दोष इथेच आहे. आता क्रूझची केबल लिव्हरवरून काढा. एफ-१५०मध्ये ती प्लास्टिकच्या क्लिपने बसलेली असते. पुन्हा तेच करून बघा. नंतर रेसची केबलही काढा आणि तिसऱ्यांदा बघा. कुठल्या टप्प्यावर "टक" परत येतो, त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. हीच तपासणी इंजिन चांगलं तापवून, मग बंद करून पुन्हा करा. एक्झॉस्टजवळून गेलेल्या केबलचं आवरण गरम झाल्यावरच मऊ पडून तारेला धरतं, गार असताना ती अगदी सुरळीत चालते.

दोन्ही केबल काढूनही लिव्हर चिकटत असेल तर थ्रॉटल बॉडी बघा. हवेची नळी काढून आत टॉर्च मारा. बटरफ्लाय (हवा अडवणारी गोल पाकळी) जिथे भिंतीला टेकतो तिथे काजळीची एक चकचकीत काळी कडी जमलेली दिसेल. बटरफ्लाय तिच्यात रुतून बसतो, म्हणून पाय पहिल्यांदा ठेवताना अडकल्यासारखं लागतं आणि मग गाडी एकदम झेपावते. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन पुसा, तारेचा ब्रश घालू नका. अनेक जुन्या फोर्ड थ्रॉटल बॉडींवर "साफ करू नका" असा स्टिकर असतो, कारण आतल्या बाजूला लेप दिलेला असतो. तो लेप खरवडला गेला की काजळी पुढच्या वेळी दुप्पट वेगाने धरते.

केबलची टोकं बघा. एखादा जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला तर केबल बदला. तो धागा आवरणात उलटा शिरून पाचर मारतो. केबलला तेल पाजून काम भागवू नका. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल धूळ धरून ठेवतं.

क्रूझच्या केबलला एक-दोन मिलिमीटर ढील हवीच. ताण इतका नको की थ्रॉटल थांब्यावरून उचलला जाईल. जास्त ढील असेल तर क्रूझ लागताना गाडी आधी मंदावते, मग हिसका देते. फोर्डच्या सर्व्होवर केबल बसवताना आणखी एक काळजी घ्या: आतली तार पुलीच्या खाचेत नीट गुंडाळली गेली नाही तर थ्रॉटल किंचित उघडाच राहतो. क्रूझ कधी लावलाही नाही आणि तरी रेस जास्त, असा घोळ यातून होतो. केबल नुकतीच कुणी हाताळली असेल तर सर्व्होचं टोपण उघडून आधी हे बघा.

इंजिन माउंटही (इंजिनला जागेवर धरणारे रबरी आधार) विसरू नका. तुटलेल्या माउंटवर इंजिन जोर लावताना उचललं जातं आणि केबल ओढून स्वतःच रेस घेतं. डिसेंबर १९७१मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या परत बोलावल्या त्या नेमक्या याच कारणासाठी. तपासायला एक माणूस आत बसवा, ब्रेक घट्ट दाबून ड्राइव्ह आणि रिव्हर्स आलटून पालटून, अगदी थोड्या रेसवर. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. इंजिन दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त उचललं जात असेल तर माउंट गेले.

हवेची गळती

थ्रॉटल पूर्ण बंद आहे, केबल मोकळ्या आहेत आणि तरी रेस जास्त आहे, तर हवा दुसरीकडून येते. दोन जागा आधी बघा. पहिली आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे आयडलला (पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना) हवा देणारा व्हॉल्व्ह. तो काजळीने उघडा अडकतो. काढून, क्लीनरने धुऊन, नवीन गॅस्केट टाकून बसवा. त्यानंतरही रेस खाली आली नाही तर तो बदला.

दुसरी जागा म्हणजे रबरी नळ्या. ४.६ आणि ५.४ लिटरच्या एफ-१५०मध्ये थ्रॉटल बॉडीच्या मागे पीसीव्हीच्या (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणाऱ्या) नळीचा एक रबरी कोपर असतो. वरून तो अखंड दिसतो, पण खालच्या बाजूने फाटलेला असतो. डोळ्यांनी नाही, बोटाने खालून चाचपून बघा. तेलाने फुगून तो चिकट आणि लिबलिबीत झालेला असतो.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) असेल तर काम सोपं होतं. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने इंधनात केलेली वाढ-घट) आयडलला अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला पुन्हा शून्याजवळ आला, तर व्हॅक्यूम गळती आहे असं धरून चाला. जोडीला पी ०१७१, पी ०१७४ किंवा पी ०५०७ हे कोड सापडतात. ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत आहे, पण गरम एक्झॉस्टवर ती नको. गॅरेजमध्ये नळ्यांत धूर सोडून गळती शोधून घ्या.

क्रूझ: लागत नाही की सुटत नाही

ब्रेकवर पाय ठेवल्यावर क्रूझ सुटण्यासाठी दोन स्वतंत्र वाटा ठेवलेल्या असतात. एक ब्रेक लाइटचा स्विच, जो मॉड्यूलला (क्रूझच्या कंट्रोल बॉक्सला) "पाय पडला" असं सांगतो. दुसरी वाट सर्व्होचा वीजपुरवठाच तोडते किंवा व्हॅक्यूमच्या सर्व्होतली हवा मोकळी करते. पहिली फसली तरी दुसरीने सुटावं, हा त्यामागचा विचार. म्हणून जुना पिकअप घेताना आधी हे बघा की यातली कुठलीही वाट कुणी तारेचा तुकडा घालून जोडून टाकलेली नाही ना. क्रूझ लागत नाही म्हणून कनेक्टरच्या दोन पिना थेट जोडून देणारे लोक असतात. असा तुकडा दिसला तर क्रूझ वापरू नका आणि मूळ स्विच बसवून घ्या.

१९९०च्या दशकातल्या आणि २००३पर्यंतच्या कितीतरी फोर्ड पिकअपमध्ये ही दुसरी वाट म्हणजे ब्रेकच्या मास्टर सिलेंडरवर बसवलेला दाबाचा स्विच. तो वेगळ्याच कारणाने बदनाम आहे. त्याच्या आतला पातळ पडदा झिजतो, ब्रेक ऑइल विजेच्या बाजूला झिरपतं, आणि स्विचला चावी काढल्यावरही वीज मिळत असल्याने उभ्या गाडीला आग लागते. फोर्डने यासाठी १९९९ ते २००९ या काळात एकामागून एक रिकॉल काढले आणि गाड्यांचा एकूण आकडा दीड कोटीच्या आसपास गेला. तपासणी सोपी आहे. बॅटरीची ऋण वायर काढा, मास्टर सिलेंडरवरच्या स्विचचं कनेक्टर सोडवा, आत बघा. पिना कोरड्या आणि चकचकीत हव्यात. ओल दिसली, तपकिरी राळ दिसली, हिरवट गंज दिसला, तर ते कनेक्टर परत लावू नका. तसंच सोडा, टोकाला टेप लावून बाजूला बांधा. क्रूझ चालणार नाही, बाकी गाडी चालेल. स्विच आणि मूळ कनेक्टरच्या मध्ये फ्यूज असलेला वायरीचा छोटा जोड दिसला तर रिकॉलचं काम झालेलं आहे. नसेल तर ते होईपर्यंत गाडी घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये उभी करू नका.

दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २००१पर्यंतच्या डॉज रॅम १५००मध्ये व्हॅक्यूमचा सर्व्हो बॅटरीच्या ट्रेखाली बसतो. बॅटरीचं अ‍ॅसिड त्यावर गळतं, नळ्या उंदीर कुरतडतात. नळी फुटली की क्रूझवरचा वेग टिकत नाही, चढावर गाडी ढेपाळते. ट्रे काढून बघितल्याशिवाय मॉड्यूल विकत घेऊ नका.

क्रूझ मुळीच लागत नसेल तर ब्रेक लाइटपासून सुरुवात करा. लाइट कायम चालू असतील तर क्रूझ लागणार नाही, कारण मॉड्यूलच्या दृष्टीने पाय ब्रेकवरच आहे. उलट, जुन्या फोर्डमध्ये मॉड्यूल ब्रेक लाइटच्या बल्बमधून अर्थिंग शोधतं, त्यामुळे सगळे बल्ब गेले किंवा त्या जागी एलईडी टाकले तरी क्रूझ बंद पडतो. मागच्या मालकाने ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर बसवला असेल तर त्याची वायर ब्रेक लाइटच्या वायरला कुठे जोडली आहे ते बघा. उलटी वीज मागे येऊन असाच घोटाळा होतो. मॅन्युअल गाडीत क्लचचा स्विचही बघा.

क्रूझची बटणं, हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा, तिन्हींची तक्रार एकदम सुरू झाली तर स्टिअरिंगमधलं क्लॉक स्प्रिंग (फिरणाऱ्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटलंय. ते बदलायला एअरबॅग काढावी लागते. बॅटरी सोडून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबल्याशिवाय तिला हात लावू नका, आणि हे काम पहिल्यांदाच करत असाल तर गॅरेजवर सोपवा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल

२००३ नंतरचा सिल्व्हराडो १५००, २००४ नंतरचा एफ-१५० आणि २००५ नंतरचा टॅकोमा यांमध्ये केबल नाही. पॅडलमध्ये दोन किंवा तीन सेन्सर, थ्रॉटलमध्ये मोटर आणि आणखी दोन सेन्सर. क्रूझला वेगळा सर्व्हो नसतो, तो कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅममध्येच असतो. सेन्सरांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर कॉम्प्युटर ताकद कापतो आणि गाडी रांगायला लागते. म्हणून इथे बिघाडाचं नेहमीचं लक्षण रेस वाढणं नसून रेस मरणं असतं. पी २१३५ म्हणजे थ्रॉटलचे सेन्सर जुळत नाहीत, पी २१३८ म्हणजे पॅडलचे. पी २१११ म्हणजे थ्रॉटल उघडा अडकला. पी ०५०४ किंवा पी ०५७१ आला तर ब्रेकचा स्विच.

स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा. चावी चालू, इंजिन बंद. पॅडल पाच-सहा सेकंद घेत अगदी हळू दाबा आणि तितक्याच हळू सोडा. आकडे सलग चढले आणि सलग उतरले पाहिजेत. मध्येच उडी किंवा शून्य आलं तर पॅडलच्या कनेक्टरची वायर हलवून पुन्हा बघा, मगच पॅडल बदला. बॅटरीची टोकं आणि इंजिनच्या अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट करणं यात आधी येतं. चावी चालू असताना बटरफ्लायमध्ये बोट घालू नका, मोटर ते चावते. साफ करायचं असेल तर बॅटरी सोडवा आणि पाकळी जोराने ढकलू नका. साफ केल्यावर आयडल काही काळ जास्त राहतो, कारण कॉम्प्युटर अजून काजळीच्या हिशेबाने हवा देत असतो. पुस्तकात दिल्याप्रमाणे आयडल शिकवून घ्या. या वेळी घाबरून नवीन थ्रॉटल बॉडी घेणारे बरेच आहेत.

मग इलेक्ट्रॉनिक्स स्वतःहून गाडी पळवू शकतं का? टोयोटाच्या प्रकरणात नासाच्या अभियंत्यांनी तपासणी केली आणि फेब्रुवारी २०११च्या अहवालात मोठ्या रेसचं इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही असं सांगितलं. २०१३मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने मात्र २००५च्या कॅमरीच्या खटल्यात टोयोटाच्या विरोधात निकाल दिला. आमचा सल्ला साधा आहे: ब्रेक दाबताच थ्रॉटल बंद करणारी सोय आपल्या गाडीत आहे का ते बघा. टोयोटाने ती २०११च्या मॉडेलपासून सरसकट दिली. जुना घेताय आणि दोन गाड्यांमध्ये निवड आहे, तर ही सोय असलेली घ्या.

रिकॉल कसे शोधायचे

चेसिस नंबर, म्हणजे डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा १७ अक्षरी नंबर, अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याच्या (एनएचटीएसए) साइटवर टाका. पण तिथे न झालेले रिकॉल मागच्या १५ वर्षांतलेच दिसतात. २००५ किंवा २००७चा रिकॉल राहून गेला असेल तरी पान स्वच्छ दिसू शकतं. म्हणून त्या कंपनीच्या डीलरला फोन करून तोच नंबर द्या आणि "कुठलं काम अपूर्ण आहे आणि अजून फुकट होतं का" असं विचारा. पंधरा वर्षांनंतर फुकट करून देण्याचं कायद्याचं बंधन राहत नाही, तरी विचारल्याशिवाय राहू नका.

रॅमवाल्यांनी एक खास बघा. मे २०१८मध्ये रॅम बनवणाऱ्या फियाट क्रायस्लरने अमेरिकेत सुमारे ४८ लाख पेट्रोल गाड्यांसाठी रिकॉल काढला आणि त्यात २०१४ नंतरचे रॅम १५०० आहेत. क्रूझ वेग वाढवत असतानाच विजेच्या जाळ्यात शॉर्टसर्किट झालं तर क्रूझ रद्दच करता येत नाही, असा दोष होता. उपाय नवीन सॉफ्टवेअरचा. त्या वेळी दिलेली सूचनाही तीच होती: ब्रेक घट्ट दाबा, न्यूट्रल टाका. काम झाल्याचा कागद नसेल तर क्रूझचं बटण वापरूच नका.

डिझेल

डिझेलची गोष्ट वेगळी. टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागलं की चावी काढूनही ते थांबत नाही, उलट आरपीएम वाढतच जातो. हे अमेरिकेतल्या कमिन्स डिझेल इंजिनाला होतं तसं आपल्याकडच्या जुन्या बोलेरो पिकअपलाही होऊ शकतं. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक असेल तर इंजिनात हवा जाते त्या तोंडावर लाकडी फळी दाबा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक मारा. हात किंवा कापड कधीच नाही, ते आत ओढलं जातं. जमत नसेल तर इंजिनपासून लांब व्हा.

दुरुस्तीनंतरची चाचणी

आधी उभ्या गाडीत: दहा वेळा पॅडल तळापर्यंत दाबून सोडा, दहाही वेळा थ्रॉटल पूर्ण बंद झाला पाहिजे. मग कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकचं पॅडल बोटाने हळू दाबा. पॅडल जेमतेम हलताच लाइट लागले पाहिजेत. अर्धं पॅडल गेल्यावर लागत असतील तर स्विच जुळवा, कारण क्रूझही तितकाच उशिरा सुटेल.

नंतर मोकळा, सपाट, बिनगर्दीचा रस्ता. ताशी ४५ मैलांवर क्रूझ लावा आणि एकेक करून सोडवा: ब्रेकला जेमतेम स्पर्श करून, कॅन्सल बटणाने, मुख्य बटणाने, आणि मॅन्युअल असेल तर क्लचने. प्रत्येक वेळी वेग तत्क्षणी उतरायला लागला पाहिजे. ताशी २० मैलांवर क्रूझ लावून बघा. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये तो ताशी २५ मैलांखाली लागतच नाही, लागला तर वेगाच्या सेन्सरचा सिग्नल किंवा टायरचा आकार तपासा. मोठे टायर टाकलेले असतील तर स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि गाडी खरं म्हणजे जास्त वेगात असते.

काढलेला जुना पार्ट फेकू नका. पिशवीत घालून त्यावर तारीख आणि मैलांचा आकडा लिहा, तुटलेल्या धाग्याचा किंवा ओल्या कनेक्टरचा फोटो काढा, आणि सुरक्षा खात्याच्या साइटवर तक्रार नोंदवताना चेसिस नंबरसोबत तो जोडा. एकाच मॉडेलबद्दल अशा तक्रारी साठल्या की तिथूनच चौकशी सुरू होते.